जपानचा सांस्कृतिक वारसा आणि त्याला राखणारा कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नारा-क्योतो पाहून आलेला माणूस भेटला की बोलणं हमखास लाकडावर येतं. तेराशे वर्षांचं लाकडी देऊळ उभं राहतं तरी कसं? त्याचं अर्धं उत्तर सुतारांकडे आहे आणि उरलेलं अर्धं कायद्याकडे. वास्तुकलेच्या मुलांना जतनाचा विषय शिकवताना जे प्रश्न वर्षानुवर्षं समोर येत गेले, ते इथे एकत्र केले आहेत. वाचताना तुमच्याही लक्षात येईल की या कायद्यातलं जवळजवळ प्रत्येक पाऊल काहीतरी हातचं गेल्यावर उचललेलं आहे.

आज लागू असलेला कायदा कोणता?

१९५० चा 'बुंकाझाई होगो हो', म्हणजे सांस्कृतिक संपदा संरक्षण कायदा. ३० मे १९५० रोजी तो जाहीर झाला आणि २९ ऑगस्टपासून लागू झाला. दुरुस्त्या पुष्कळ झाल्या, पण कायदा तोच आहे. देवळं, मूर्ती, चित्रं, पोथ्या, नाटक, संगीत, हस्तकला, गावोगावचे उत्सव आणि शेतीची जुनी अवजारं, बागा, डोंगर, झाडं, प्राणी, जुन्या पेठा, जमिनीखालचे अवशेष, आणि या सगळ्याची दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचं कसब. एवढा पसारा एकाच छत्राखाली आहे. तो सांभाळणारं सरकारी खातं म्हणजे 'बुंका-चो'. १९६८ मध्ये ते स्थापन झालं आणि २०२३ मध्ये त्याचं मुख्यालय तोक्योहून क्योतोला गेलं.

मग १९५० च्या आधी काहीच नव्हतं का?

होतं, आणि खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

१८६८ साली मेइजी राजवट आली. तोपर्यंत शिंतो देवस्थानं आणि बौद्ध मंदिरं शेकडो वर्षं एकाच आवारात, एकमेकांत मिसळून नांदत होती. नव्या सरकारने दोन्ही वेगळी करण्याचे हुकूम काढले. हुकूम वेगळं करण्याचे होते, पण ठिकठिकाणी लोकांनी त्यांचा अर्थ 'बौद्ध ते मोडून टाका' असा लावला. या लाटेला 'हाइबुत्सु किशाकु' म्हणतात. मूर्ती फोडल्या गेल्या, सूत्रांच्या पोथ्या जाळल्या गेल्या, पितळी सामान वितळवलं गेलं.

नाराचं कोफुकुजी हे बलाढ्य मठ-मंदिर. तिथले भिक्षू शेजारच्या कासुगा देवस्थानाचे शिंतो पुजारी झाले, तटाच्या भिंती पाडल्या गेल्या, आवार ओस पडलं. तिथला पाचमजली पगोडा कवडीमोलाने विकला गेला होता. घेणाऱ्याला त्यातलं फक्त धातूचं सामान हवं होतं, म्हणून सरळ आग लावायचं ठरलं. आग आपल्या घरांवर येईल या भीतीने शेजारीपाजारी आडवे आले आणि पगोडा वाचला, अशी गोष्ट नारात आजही सांगतात. तो पगोडा आता 'राष्ट्रीय ठेवा' आहे.

किल्ल्यांचंही तेच. १८७३ च्या हुकमाने बहुतेक किल्ले निकामी ठरले आणि लाकूडफाट्याच्या भावाने गेले. जे थोडे वाचले त्यांतले हिमेजी आणि नागोया हे दोन किल्ले राहिले, कारण १८७८ मध्ये नाकामुरा शिगेतो नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने वरिष्ठांकडे त्यांच्यासाठी रदबदली केली.

सरकारने पहिलं पाऊल कधी उचललं?

१८७१ मध्ये. 'जुन्या वस्तूंचं जतन करा' असा हुकूम निघाला आणि सोबत ३१ प्रकारांची यादी दिली गेली. ही यादी मला फार आवडते. तिच्यात तलवारी, आरसे, नाणी, जुनी कौलं तर आहेतच, पण मुलींच्या सणाच्या बाहुल्या आहेत, मुलांची खेळणी आहेत, जीवाश्मसुद्धा आहेत. वारसा म्हणजे फक्त राजवाडे आणि देव नव्हेत, हे १८७१ च्या कारकुनाने लिहून ठेवलं होतं! हुकमाला दात मात्र नव्हते. याद्या करून पाठवा, एवढंच त्यात होतं.

पुढच्या वर्षी सरकारी अधिकारी माचिदा हिसानारी आणि सहकारी क्योतो, नारा परिसरातल्या देवळांची पाहणी करायला निघाले. सोबत छायाचित्रकार योकोयामा मात्सुसाबुरो होता. आठव्या शतकातलं शोसोइन हे कोठार त्यांनी उघडून पाहिलं. त्या पाहणीतले फोटो आजही अभ्यासाला उपयोगी पडतात, कारण त्यांतल्या काही गोष्टी नंतर तशा राहिल्या नाहीत. १८८० पासून सरकारने जुन्या देवळांना थोडा थोडा दुरुस्तीनिधी द्यायला सुरुवात केली. १८९४ पर्यंत ५३९ देवस्थानांना तो मिळाला.

फेनोलोसा आणि ओकाकुरा यांचं नाव सगळीकडे का येतं?

एका दारामुळे. नाराजवळच्या होर्यूजी या प्राचीन बौद्ध मंदिराच्या 'युमेदोनो' या अष्टकोनी मंडपात गुझे कान्नोनची, म्हणजे अवलोकितेश्वराची, मूर्ती होती. ती कित्येक पिढ्यांत कुणी पाहिलेली नव्हती. १८८४ मध्ये अमेरिकन अध्यापक अर्नेस्ट फेनोलोसा आणि त्याचा शिष्य ओकाकुरा काकुझो सरकारी पत्र घेऊन तिथे पोचले. भिक्षू दार उघडायला तयार होईनात. मूर्ती उघडी केली तर भूकंप होईल, देऊळ कोसळेल, अशी त्यांची श्रद्धा होती. शेवटी गंजलेल्या कुलपात किल्ली फिरली. आत कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळलेली एक उंच आकृती उभी होती, वर शतकांची धूळ. फेनोलोसाने लिहून ठेवलंय की सुमारे ५०० यार्ड कापड सोडवावं लागलं. आतून जी मूर्ती निघाली तिच्या अंगावरचा सोन्याचा वर्ख अजून झळकत होता. झाकलेली राहिली म्हणूनच तो टिकला होता.

भिक्षूंच्या बाजूनेही या प्रसंगाकडे पाहायला हवं असं मला नेहमी वाटतं. ज्याला आपण 'कलाकृती' म्हणतो ती त्यांची पूजेतली देवता होती. मूर्ती देवाची की देशाची, हा प्रश्न त्या दारात पहिल्यांदा उभा राहिला आणि कायद्याला तो आजही सोडवत बसावं लागतं. गुझे कान्नोनचं दर्शन अजूनही वर्षातून फक्त दोनदा, वसंतात आणि शरदात, काही आठवडेच मिळतं.

पुढे १८८८ मध्ये कुकी र्‍यूइची यांच्या हाताखाली देशभरातल्या ठेव्यांची मोजदाद करणारं कार्यालय सुरू झालं. नऊ-दहा वर्षांत त्याने दोन लाखांहून जास्त वस्तू तपासल्या. या मोजदादीवरच पुढचा कायदा उभा राहिला.

जपानचा पहिला खराखुरा वारसा-कायदा कोणता?

१८९७ चा 'कोशाजी होझोन हो', म्हणजे प्राचीन देवस्थान व मंदिर जतन कायदा. 'कोकुहो', राष्ट्रीय ठेवा, हा शब्द कायद्यात प्रथम इथे आला. यादीत आलेली वस्तू देवळाला विकता येणार नाही, ती संग्रहालयात मांडायला द्यावी लागेल, आणि दुरुस्तीला सरकार पैसे देईल, असा तो व्यवहार होता. सरकारने वर्षाला दीड ते दोन लाख येन खर्च करावेत, हा आकडासुद्धा कायद्यातच लिहिलेला होता. 'निधीच्या उपलब्धतेनुसार' या शब्दांशी ज्यांची कागदोपत्री ओळख आहे त्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

त्रुटी एकच, पण मोठी. हा कायदा फक्त देवळांपुरता होता.

वारशाच्या कायद्यात प्राणी आणि झाडं कशी आली?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वे, कारखाने आणि रस्ते यांखाली जुनी झाडं आणि ऐतिहासिक जागा जाऊ लागल्या. वनस्पतिशास्त्रज्ञ मियोशी मानाबू जर्मनीत शिकलेले. 'नैसर्गिक स्मारक' ही तिकडची कल्पना त्यांनी जपानमध्ये मांडली. १९१९ मध्ये ऐतिहासिक स्थळं, निसर्गरम्य जागा आणि नैसर्गिक स्मारकं यांसाठी वेगळा कायदा झाला. १९५० मध्ये तो मोठ्या कायद्यात मिसळला, तेव्हापासून बुरुज आणि बगळे एकाच कायद्यात आहेत. हाचिको या इमानी कुत्र्यामुळे जगभर माहीत झालेली अकिता कुत्र्याची जात १९३१ पासून नैसर्गिक स्मारक आहे.

खाजगी मालकीच्या वस्तूंचं काय?

त्यासाठी १९२९ उजाडावं लागलं. जुनी सरदार घराणी आर्थिक ओढग्रस्तीत आली होती आणि पिढीजात संग्रह लिलावात निघत होते. १९२९ च्या राष्ट्रीय ठेवा जतन कायद्याने देवळांची अट काढली. सरकारी, नगरपालिकेची, खाजगी, कोणाचीही वस्तू यादीत येऊ शकत होती. नागोयाचा किल्ला १९३० मध्ये राष्ट्रीय ठेवा झाला. १४ मे १९४५ च्या हवाई हल्ल्यात तो जळाला.

तरीही एक भोक राहिलंच होतं. जे यादीत नाही ते बाहेर नेण्याला काहीच आडकाठी नव्हती. १९३२ मध्ये 'किबी मंत्र्यांचा चीनप्रवास' सांगणारं बाराव्या शतकातलं चित्रगुंडाळं बॉस्टनच्या संग्रहालयाने विकत घेतलं. व्यवहार पूर्ण कायदेशीर होता. बातमी फुटल्यावर जपानमध्ये गहजब झाला आणि १९३३ मध्ये घाईघाईने आणखी एक कायदा आला: महत्त्वाच्या कलावस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येणार नाहीत. त्याखाली आठ हजारांवर वस्तू नोंदल्या गेल्या. ते गुंडाळं आजही बॉस्टनमध्येच आहे.

१९४९ ची होर्यूजीची आग एवढी महत्त्वाची का मानतात?

या एका प्रश्नाचं उत्तर मी थोडं सावकाश देणार आहे.

होर्यूजीच्या कोंदोमध्ये, म्हणजे मुख्य सभामंडपात, भिंतींवर सातव्या शतकाच्या अखेरीची मोठी चित्रं होती. बुद्धांची चार स्वर्गस्थानं आणि आठ बोधिसत्त्व, अशा १२ भिंती. अजिंठ्याचं पहिल्या क्रमांकाचं लेणं पाहिलेल्या माणसाला त्यातला बोधिसत्त्व परका वाटत नाही. तीच झुकलेली मान, अर्धवट मिटलेले डोळे, बोटांत अलगद धरलेलं फूल. भारतातून मध्य आशिया आणि चीनमार्गे गेलेली शैली तिथे पोचली होती.

१९३४ पासून मंदिराची मोठी दुरुस्ती चालू होती. चित्रं झिजत होती, म्हणून १९४० मध्ये चित्रकारांचे गट बसवून भिंतींच्या हुबेहूब नकला करायला घेतल्या. अंधाऱ्या मंडपात रंग खरे दिसावेत म्हणून तिथे फ्लुरोसंट दिवे लावले. जपानमध्ये त्या दिव्यांचा असा वापर तेव्हा अगदी नवा होता. युद्धात काम थांबलं, नंतर पुन्हा सुरू झालं. हिवाळ्यात तिथे हात गारठतात, त्यामुळे चित्रकारांना विजेवर गरम होणारी आसनं दिली होती.

२६ जानेवारी १९४९ च्या पहाटे मंडपाला आग लागली. संशय त्या आसनांपैकी एकावर आहे. मंडपाचा वरचा मजला दुरुस्तीसाठी आधीच उतरवून ठेवलेला होता, तो वाचला. आतल्या बाजूच्या, उडत्या अप्सरांच्या लहान भिंती काढून ठेवलेल्या होत्या, त्याही वाचल्या. १२ मोठ्या भिंती जाग्यावर होत्या. रंग गेले, काळवंडलेल्या गिलाव्यावर रेषा तेवढ्या राहिल्या. जे चित्र जपण्यासाठी ती माणसं तिथे बसली होती, तेच त्या कामाच्या आगीत गेलं.

त्याच वर्षी मात्सुयामा आणि मात्सुमाए इथल्या किल्ल्यांनाही आगी लागल्या. युद्धानंतर भिक्षूंकडे पैसा नव्हता, जुन्या श्रीमंतांवर जबर संपत्तीकर बसला होता, वस्तू मिळेल त्या भावात विकल्या जात होत्या. होर्यूजीने देश हलला. संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, कादंबरीकार यामामोतो युझो यांच्यासारख्या सदस्यांच्या पुढाकाराने, नव्या कायद्याचं काम हाती घेतलं. विधेयक सदस्यांनीच मांडलं, आणि त्यातून १९५० चा कायदा आला.

जळलेल्या भिंती फेकल्या नाहीत. पक्क्या करून मंदिराच्या आवारात वेगळ्या कोठारात उभ्या केल्या, आणि १९५८ मध्ये त्या जळक्या भिंतींनाच 'महत्त्वाची सांस्कृतिक संपदा' म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं.

किंकाकुजी, सोनेरी मंदिर, कायदा असतानाही जळलं ना?

कायदा झाला होता, लागू व्हायचा होता. त्या मधल्या तीन महिन्यांत, २ जुलै १९५० च्या पहाटे, एका तरुण शिकाऊ भिक्षूने क्योतोच्या किंकाकुजीला आग लावली. आज दिसतो तो सोनेरी मंडप १९५५ चा आहे. त्यामुळे मंडप राष्ट्रीय ठेव्यांच्या यादीत नाही, भोवतालच्या बागेला मात्र विशेष दर्जा आहे.

'राष्ट्रीय ठेवा' आणि 'महत्त्वाची सांस्कृतिक संपदा' यात फरक काय?

१९५० पर्यंत एकच पायरी होती आणि यादी फुगत चालली होती. नव्या कायद्याने जुन्या सगळ्या ठेव्यांना आधी 'महत्त्वाची संपदा' केलं आणि त्यांतून निवडक वस्तू पुन्हा 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून वर काढल्या. पहिली नवी यादी १९५१ मध्ये आली. आज महत्त्वाच्या संपदा सुमारे १३ हजार आहेत, त्यांतले राष्ट्रीय ठेवे अकराशेहून थोडे जास्त.

काही अतिशय जुन्या गोष्टी मात्र या यादीत वर्षानुवर्षं नव्हत्या, कारण त्या राजघराण्याशी संबंधित आणि वेगळ्या खात्याकडे होत्या. शोसोइनची इमारत राष्ट्रीय ठेवा झाली थेट १९९७ मध्ये, तेही नाराचं नाव जागतिक वारशासाठी पाठवायचं होतं आणि त्यासाठी देशाच्या कायद्याचं संरक्षण दाखवावं लागतं म्हणून.

इसेचं देवस्थान राष्ट्रीय ठेवा का नाही?

इसेच्या या शिंतो देवस्थानाचे मुख्य गाभारे दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर नव्याने बांधतात. शेवटचं बांधकाम २०१३ चं, पुढचं २०३३ ला. इमारत नेहमीच नवी, रूप मात्र प्राचीन. कायद्याला वस्तूचं वय लागतं. इसेने वस्तू सोडून दिली आणि बांधण्याची रीत धरून ठेवली.

मालकावर कोणती बंधनं येतात? त्याला मिळतं काय?

बदल करायचा तर आधी परवानगी. विकायची तर आधी सरकारला विचारायचं, तुम्हाला घ्यायची आहे का म्हणून. देशाबाहेर नेता येत नाही, प्रदर्शनासाठी न्यायची तर मंजुरी. जाणूनबुजून नुकसान केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा लाख येनपर्यंत दंड. हा दंड २०१८ मध्ये वाढवला.

बदल्यात दुरुस्तीच्या खर्चाचा निम्मा किंवा त्याहूनही बराच मोठा वाटा अनुदान म्हणून मिळतो, आग विझवण्याची यंत्रणा बसवायला मदत मिळते, आणि सरकारी तज्ज्ञ कामावर लक्ष ठेवतात. माझ्या मते या कायद्याचा कणा बंधनांपेक्षा या अनुदानात आहे. नुसतं 'हात लावू नका' म्हटलं तर छप्पर गळतच राहतं.

दुरुस्ती करताना नवं लाकूड घातलं, तर ती इमारत जुनी कशी?

हा प्रश्न युरोपातल्या तज्ज्ञांनीही विचारला होता.

मोठ्या दुरुस्तीत लाकडी देऊळ चक्क सुटं करतात. तुळया, खांब, कौलं, प्रत्येक तुकड्यावर खूण करून खाली उतरवतात. खांबाचा बुंधा कुजलेला असेल तर सगळा खांब बदलत नाहीत. कुजका भाग कापून तिथे नव्या लाकडाचा ठोकळा असा सांधतात की दोन्ही तुकडे एकमेकांत घट्ट अडकावेत. नव्या तुकड्यावर, न दिसणाऱ्या बाजूला, दुरुस्तीचं साल तापल्या लोखंडाने डागून ठेवतात. शंभर-दोनशे वर्षांनी पुढचा सुतार तो खांब उतरवेल तेव्हा त्याला कळावं, हा तुकडा मूळचा नाही, अमुक साली आमच्या हातचा आहे. माझ्या दृष्टीने हा डाग फार प्रामाणिक आहे.

जपानने जागतिक वारसा करार स्वीकारला १९९२ मध्ये. पुढच्या वर्षी होर्यूजी आणि हिमेजी यादीत आले. १९९४ मध्ये नारात जगभरचे तज्ज्ञ बसले आणि 'अस्सलपणा' म्हणजे काय यावरचा नारा दस्तऐवज तयार झाला. अस्सलपणा फक्त मूळ साहित्यात शोधू नये. रचना, वापर, परंपरा, कसब यांतही तो असतो आणि प्रत्येक संस्कृतीत त्याचा निकष वेगळा असू शकतो, असं त्यात मान्य झालं.

'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणजे काय?

हा लोकांनी रूढ केलेला शब्द आहे, 'निंगेन कोकुहो'. कायद्यात तो नाही. कायद्यातलं नाव आहे 'महत्त्वाच्या अमूर्त सांस्कृतिक संपदेचा धारक'.

१९५० च्या कायद्याने अमूर्त कलांना जागा दिली, ही त्या काळी जगात फार नवी गोष्ट होती. पण अट अशी होती की जी कला मदतीविना मरेल तिलाच आधार मिळेल. १९५४ च्या दुरुस्तीने ही अट बदलली आणि कलेचं मोल हा निकष धरला. १९५५ मध्ये पहिले धारक जाहीर झाले. माशिको गावचे कुंभार हामादा शोजी त्यांत होते. धारकाला आज वर्षाला २० लाख येन मिळतात आणि ते स्वतःचं कसब वाढवायला आणि शिष्य तयार करायला वापरायचे असतात. तो बक्षिसाचा पैसा नाही. धारक वारला की त्याच्या नावाची मान्यता संपते. वारसाहक्काने मुलाकडे जात नाही. मागे सिद्ध झालेला शिष्य असेल तर त्याचा विचार पुन्हा पहिल्यापासून होतो.

कोरियाने १९६२ च्या आपल्या कायद्यात अमूर्त वारसा घेतला तो याच धर्तीवर, आणि युनेस्कोचा २००३ चा अमूर्त वारशाचा करारही याच वाटेने पुढे आला. तेव्हा युनेस्कोचे महासंचालक जपानचे मात्सुउरा कोइचिरो होते.

आणि कारागिरांसाठी?

१९७५ ची दुरुस्ती मला सगळ्यात मोलाची वाटते. जतनाला लागणारी तंत्रंच त्यात संरक्षणाखाली आली. देवळांची छपरं हिनोकी झाडाच्या सालीची असतात. साल काढणारा माणूस दोराने झाडावर चढतो आणि लाकडी पाचरीने बाहेरची साल अशी सोलतो की आतल्या थराला धक्का लागत नाही. झाड जगतं, आठ-दहा वर्षांनी पुन्हा साल देतं. छप्पर तीस-चाळीस वर्षं टिकतं. ही साल काढणारी माणसं संपली तर राष्ट्रीय ठेव्याचं छप्पर कोणत्याही अनुदानाने शाकारता येणार नाही. २०२० मध्ये लाकडी वास्तूंच्या जतनाची अशी १७ तंत्रं युनेस्कोच्या यादीत गेली.

पाया खणताना काही सापडलं तर?

ज्ञात पुरातत्त्वीय जागेवर काम करायचं असेल तर ६० दिवस आधी कळवावं लागतं. उत्खननाचा खर्च साधारणपणे बांधकाम करणाऱ्याच्याच अंगावर येतो. स्वतःचं घर बांधणाऱ्यासाठी मात्र बऱ्याच ठिकाणी तो सार्वजनिक निधीतून केला जातो.

एकट्या इमारतीऐवजी आख्खं गाव कसं वाचवतात?

१९६४ मध्ये, ऑलिंपिकच्या वर्षी, कामाकुराच्या त्सुरुगाओका हाचिमानगू देवस्थानामागची टेकडी घरबांधणीसाठी सपाट होणार होती. देवस्थान सुरक्षित होतं, टेकडीला कुणी वाली नव्हता. रहिवासी उभे राहिले, लेखक ओसारागी जिरो त्यांच्यासोबत होते. लोकांनी पैसे जमवून १९६६ मध्ये टेकडीची दीड हेक्टर जमीन विकतच घेतली. त्याच वर्षी प्राचीन राजधान्यांचा परिसर राखणारा कायदा आला.

कामाकुरा-क्योतोसारख्या मोठ्या नावांच्या पलीकडे, किसो खोऱ्यातल्या त्सुमागो या मुक्कामाच्या जुन्या गावाने वेगळी वाट दाखवली. हमरस्ता आणि रेल्वे दुसरीकडून गेल्याने गाव ओस पडत होतं. १९७१ मध्ये गावकऱ्यांनी आपसात ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७५ च्या दुरुस्तीने अशा वस्त्यांना 'पारंपरिक इमारतसमूहांचे जतन विभाग' म्हणून जागा दिली. विभाग नगरपालिका ठरवते, केंद्र त्यांतून निवडतं. १९७६ च्या पहिल्या सात निवडींत त्सुमागो होतं, गवताच्या उंच छपरांचं शिराकावाही होतं.

फार जुन्या नसलेल्या इमारतींचं काय?

१९९५ च्या कोबेच्या भूकंपानंतर विटांच्या, दगडी, काँक्रीटच्या कित्येक देखण्या आधुनिक इमारती पाडल्या गेल्या. त्यांना कुठलाच दर्जा नव्हता. म्हणून १९९६ मध्ये 'नोंदणी' नावाची सौम्य पायरी आली. इमारत साधारण ५० वर्षांची हवी, बदलाला परवानगीऐवजी फक्त आगाऊ कळवणं पुरे, आत चहाचं दुकान चालवलं तरी चालतं.

हिरोशिमाच्या अणुबॉम्ब घुमटाची गोष्टही याच सुमाराची. कायद्याच्या चौकटीत तो फारच 'नवा' होता. १९९५ मध्ये निकष बदलून त्याला ऐतिहासिक स्थळ केलं, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी तो जागतिक वारशात गेला.

२००४ मध्ये भातखाचरं, पाणथळ जागा, डोंगरउतारावरच्या वस्त्या अशी 'सांस्कृतिक भूदृश्यं' आली. २०२१ मध्ये नोंदणीची पायरी अमूर्त गोष्टींनाही लागू झाली आणि पहिल्याच फेरीत सुलेखन आणि पारंपरिक साके, म्हणजे तांदळाची दारू, बनवण्याची कला नोंदली गेली.

कायदा असूनही फसलं असं उदाहरण?

आहे, आणि ते जपानी अभ्यासक स्वतःच उघडपणे शिकवतात. १९७२ मध्ये आसुका गावात ताकामात्सुझुका या टेकाडवजा थडग्यात भित्तिचित्रं सापडली. रंगीत घोळदार वस्त्रांतल्या स्त्रिया, पांढरा वाघ, निळा ड्रॅगन. आतली दगडी खोली इतकी बुटकी की माणूस ताठ उभा राहू शकत नाही. थडगं विशेष ऐतिहासिक स्थळ झालं, चित्रं राष्ट्रीय ठेवा झाली, हवा राखणारी यंत्रणा बसवून दार बंद केलं.

आत बुरशी वाढत गेली. २००४ मध्ये चित्रं किती फिकटली आहेत हे लोकांसमोर आलं. २००२ मध्ये काम करताना चित्रांना इजा झाली होती आणि ती जाहीर न करता दुरुस्त केली होती, हेही नंतर उघड झालं. टेकाड एका विभागाकडे, चित्रं दुसऱ्याकडे, आणि दोघांच्या मधल्या फटीत जबाबदारी हरवलेली. शेवटी २००७ मध्ये खोलीचे १६ दगड सुटे करून बाहेर काढावे लागले. चित्रांची दुरुस्ती २०२० मध्ये संपली, पण ती आता थडग्यात नाहीत. सर्वोच्च दर्जा मिळालेल्या वस्तूचं हे झालं, म्हणून ते जास्त लागतं.

२०१८ च्या दुरुस्तीवर टीका का होते?

तिने 'वापरा'वर भर दिला. स्थानिक योजना करा, वारसा पर्यटनाला आणि गावाच्या उत्पन्नाला जोडा. गावं रिकामी होत असताना आणि उत्सवाची पालखी उचलायला खांदे मिळत नसताना हे समजण्यासारखं आहे. पण ज्या वस्तूला गर्दी होत नाही, तिचं काय? कोपऱ्यातल्या देवळातल्या पोथीने किती तिकिटं खपवायची? माझ्या मते टीकाकारांचा हा मुद्दा बिनतोड आहे.

या सगळ्याचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो अजिंठ्याच्या भिंतींमधून जातो. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये चित्रकार आराई काम्पो भारतात आले. १९१७-१८ च्या हिवाळ्यात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अजिंठ्याला राहून चित्रांच्या नकला केल्या. त्या नकला तोक्योत होत्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत गेल्या. अजिंठ्याच्या नकलांवर असं हे पहिलंच संकट नव्हतं. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या होत्या. पुढे होर्यूजीच्या भिंतींच्या नकला करायला १९४० मध्ये जे चित्रकार बसवले त्यांच्या एका गटाचे प्रमुख हेच काम्पो. आग पाहायला ते नव्हते, १९४५ मध्येच गेले. अलीकडच्या काळात अजिंठा-वेरूळच्या जतन आणि पर्यटन सोयींसाठी १९९२ आणि २००३ मध्ये जपानने कर्जरूपाने मदत केली.

जपानला गेलो तर यातलं काय पाहावं?

होर्यूजी आधी, आणि घाई न करता. कोंदोत शिरल्यावर भिंतींवर दिसतात त्या १९६७-६८ मध्ये केलेल्या प्रतिकृती, मूळ भिंती कोठारात आहेत. गुझे कान्नोन पाहायचं असेल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर गाठा. त्सुमागोत मुक्काम करा, दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या येत नाहीत. आसुकाची चित्रं वर्षातून काही ठरावीक दिवसच पाहता येतात, आधी नाव नोंदवावं लागतं.

आणि जानेवारीअखेर तिकडे असाल तर २६ तारीख चुकवू नका. १९५५ पासून तो जपानमध्ये सांस्कृतिक संपदा अग्निप्रतिबंधक दिन आहे. होर्यूजीत त्या दिवशी सकाळी जळलेल्या भिंतींसमोर भिक्षू मंत्रपठण करतात, आणि ते आटोपलं की आवारात अग्निशमन दलाचे पाइप उलगडले जातात.